चिनी पंगतीत बसताना: काड्या निवडण्यापासून खाली ठेवण्यापर्यंत

चॉपस्टिक्स शिकवणारा प्रत्येक जण बोटांपासून सुरुवात करतो. अंगठा इथे, तर्जनी तिथे, आता उचला शेंगदाणा. मीही तशीच शिकले. चीनमध्ये पहिल्यांदा एका घरी जेवायला गेले तेव्हा मला भाजलेला शेंगदाणा न पाडता उचलता येत होता आणि त्याचा मला अभिमान होता. टेबलाच्या मधोमध मशरूम आणि बांबूच्या कोंबांची भाजी होती. मला मशरूम हवे होते, म्हणून मी काड्यांनी भाजी खालीवर करून ते शोधत राहिले. यजमानांच्या आजींनी काही न बोलता एक मोठा मशरूम उचलून माझ्या वाटीत ठेवला. ती माया होतीच, पण त्यात एक सूचनाही होती. ती कळायला मला काही महिने लागले.

तेव्हापासून कुणी चॉपस्टिक्स शिकवा म्हटलं की मी आधी टेबलाबद्दल बोलते. चिनी जेवणात पदार्थ मधे असतात आणि सगळे त्यातूनच घेतात. आपल्याकडे प्रत्येकाचं ताट वेगळं वाढलं जातं. तिथे ताट एकच, आणि त्यात आठ-दहा जणांच्या काड्या एकाच वेळी येतात. काड्यांचा आकार, लांबी, त्यांचे विधिनिषेध या सगळ्याचं मूळ या एका गोष्टीत आहे. ती लक्षात ठेवून पुढच्या पायऱ्या वाचा, म्हणजे नियम पाठ करावे लागणार नाहीत.

पायरी १: नाव आणि आकार ओळखा

चिनी भाषेत चॉपस्टिक्सना 'क्वायत्झ' म्हणतात, पण हे नाव त्यामानाने नवं आहे. जुना शब्द 'झू'. जपानमध्ये आजही तेच जुनं अक्षर लिहितात (उच्चार मात्र 'हाशी'), आणि दक्षिण फूज्येनच्या बोलीत, तैवानच्या घराघरांत, त्याच जुन्या शब्दाचं रूप बोललं जातं. मग बाकीच्या चीनमध्ये नाव का बदललं? पंधराव्या शतकातले लेखक लू रोंग यांनी याची नोंद करून ठेवली आहे. सुझोऊच्या आसपासच्या नावाड्यांना 'झू' हा शब्द नको वाटे, कारण 'थांबणे' या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही तसाच. ज्याचं पोट नाव पुढे सरकण्यावर चालतं, त्याने रोज जेवताना 'थांब' का म्हणावं? म्हणून ते 'क्वाय', म्हणजे 'झपझप', म्हणू लागले. पुढे या अक्षराच्या डोक्यावर बांबूचं चिन्ह चढलं आणि शब्द कायमचा रुळला.

मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो.

आता जोडी हातात घेऊन नीट पाहा. पारंपरिक चिनी काडी वरच्या टोकाला चौकोनी आणि खाण्याच्या टोकाला गोल असते. आकाश गोल आणि पृथ्वी चौकोनी ही जुनी चिनी विश्वकल्पना या आकारात पाहिली जाते. त्याला रोजच्या वापरातलं कारणही आहे: चौकोनी काडी टेबलावरून घरंगळत नाही आणि बोटांत फिरत नाही, तर गोल टोक तोंडाला टोचत नाही. पारंपरिक लांबी सात त्सुन सहा फेन, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर. सात भावना आणि सहा वासना, म्हणून सात आणि सहा, असा अर्थ लोक सांगतात. माणूस जेवतो तेव्हा त्याचे सगळे विकार त्याच्या हातात असतात, हे मला त्यातलं सर्वांत सुंदर वाटतं. पण लांबीचं खरं कारण टेबल आहे. मधल्या ताटलीपर्यंत हात न लांबवता पोचायचं तर काडी लांबच हवी. जपानमध्ये प्रत्येकाचं जेवण स्वतःसमोर असतं, मासे जास्त आणि काटे बारीक. म्हणून तिथल्या काड्या आखूड आणि टोकदार. कोरियातल्या धातूच्या आणि चपट्या.

काड्या किती जुन्या? जिआंग्सू प्रांतातल्या गाओयौजवळ लोंगछिउझ्वांग इथे १९९३ पासून झालेल्या उत्खननात नवाश्मयुगीन हाडाच्या ४२ काड्या सापडल्या. त्या जेवणाच्याच की केसांत खोचायच्या, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. आन्यांगजवळच्या यिनशू इथल्या शांग काळातल्या कांस्याच्या काड्या तीन हजार वर्षांहून जुन्या आहेत. त्या बहुधा उकळत्या भांड्यातून पदार्थ काढायला वापरत. म्हणजे काडी आधी चुलीपाशी होती, पानापाशी ती नंतर आली.

पायरी २: आपली जोडी निवडा

पहिली जोडी बांबूची घ्या. हलकी, किंचित खरखरीत, त्यामुळे घास निसटत नाही. टोकं जमिनीला समांतर धरून पाहा: दोन्ही सरळ आहेत का, लांबी तंतोतंत सारखी आहे का? भडक रंग किंवा जाड चकचकीत वार्निश असलेल्या टाळा, कारण ते टोकाशीच आधी सुटतं आणि पोटात जातं. मेलामाइनच्या काड्या भोजनालयात टिकाऊ म्हणून वापरतात. शिकणाऱ्याला त्या गुळगुळीत वाटतात. स्टीलच्या तर आणखी निसरड्या. लाखकाम केलेल्या फूजोऊ किंवा यांगझोऊच्या काड्या देखण्या असतात, त्या सणासाठी ठेवा.

हांगझोऊला जाणार असाल तर तिथल्या 'त्येनझू' काड्या जरूर पाहा. बारीक बांबूच्या या काड्यांवर तापवलेल्या साच्याने नक्षी उमटवतात. लिंगयिन मंदिराजवळच्या त्येनझू देवळांना येणारे यात्रेकरू त्या घेऊन जात, म्हणून हे नाव. आणि 'त्येनझू' हे भारताचंच जुनं चिनी नाव. चौथ्या शतकात हुइली नावाच्या भारतीय भिक्षूने या डोंगरात पहिली मंदिरं उभारली अशी परंपरा आहे. बांबूची साधी जोडी, पण तिच्या नावात आपला देश आहे.

चांदीच्या काड्यांबद्दल एक गैरसमज आहे: विष लागलं की त्या काळ्या पडतात. चांदी काळी पडते ती गंधकाने. जुन्या काळी सोमल (आर्सेनिकचं विष) अशुद्ध असे, त्यात गंधकाचा अंश राही, म्हणून हा समज पसरला. शुद्ध सोमलाने चांदीला काही होत नाही, आणि उकडलेल्या अंड्याच्या बलकाने मात्र ती बिनविषारीच काळवंडते.

हस्तिदंती काड्या घेऊ नका, कितीही जुन्या म्हणून कुणी दाखवल्या तरी. चीनने २०१७ च्या अखेरीस हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापार बंद केला, भारतातही तो बंदच आहे, आणि अशी वस्तू सीमेपार नेणं गुन्हा आहे. याहून जुना इशारा चिनी परंपरेतच आहे, आणि तो मला फार प्रिय आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला विचारवंत हान फेइत्झ ही गोष्ट सांगतो. शांग घराण्याच्या झोऊ राजाने हस्तिदंताच्या काड्या करवून घेतल्या. त्याचा वडीलधारा जीत्झ हे पाहून घाबरला. दोन काड्यांना कोण घाबरतं? पण जीत्झचा हिशेब असा होता: हस्तिदंताच्या काड्या मातीच्या भांड्यासोबत शोभणार नाहीत, मग गेंड्याच्या शिंगाचे आणि जेडचे पेले येतील. अशा पेल्यांसोबत डाळ आणि पालेभाजी कोण खाणार? मग दुर्मीळ प्राण्यांचं मांस येईल. ते मांस जाड्याभरड्या कपड्यांत, गवती छपराखाली बसून कोण खाणार? मग रेशीम, मग उंच महाल. हान फेइत्झ म्हणतो, पाच वर्षांत राजाने मांसाची बाग आणि मद्याचं तळं उभारलं आणि शेवटी राज्य बुडालं.

भेट द्यायची असेल तर काड्या उत्तम भेट. 'क्वायत्झ' या उच्चारात 'लवकर मुलं होवोत' असा अर्थ ऐकू येतो, म्हणून लग्नात लाल आवरणातली जोडी देतात. शिवाय दोन काड्या एकमेकींशिवाय निरुपयोगी, हे वधूवरांना वेगळं सांगावं लागत नाही. घरासाठीचा संच सहसा १० जोड्यांचा असतो, कारण दहा म्हणजे परिपूर्णता. चार जोड्या देऊ नका. 'चार' आणि 'मृत्यू' यांचे उच्चार चिनी भाषेत जवळचे आहेत. वरिष्ठ, शिक्षक किंवा निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला काड्या देताना एक जुनी गोष्ट सोबत सांगता येते. तांग सम्राट श्वानझोंगने आपला मंत्री सोंग जिंग याला मेजवानीत स्वतःच्या सोन्याच्या काड्या दिल्या. सोनं घ्यावं की नाही या संकोचात सोंग जिंग असताना सम्राट म्हणाला, मी तुला सोनं देत नाही, काड्या देतो आहे, तुझ्या सरळपणासाठी.

पायरी ३: धुणं, वाळवणं, बदलणं

हा भाग लोक गाळतात आणि मग महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात काड्यांना बुरशी येते. वापरल्यावर लगेच धुवा, भिजत ठेवू नका. टोकं वर करून भोकं असलेल्या उभ्या डब्यात ठेवा, म्हणजे पाणी निथळेल. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर धुतल्यावर कोरड्या फडक्याने पुसून मगच ठेवा. काळे ठिपके, आंबट वास किंवा टोकाला भेग दिसली की जोडी टाकून द्या. रोजच्या वापराच्या बांबूच्या काड्या काही महिन्यांनी बदलाव्यात असंच चिनी घरात मानतात.

एकदा वापरून फेकायच्या लाकडी काड्यांवर चीन सरकारने २००६ साली पाच टक्के कर लावला, कारण त्यासाठी फार झाडं तोडली जात होती. स्वस्तातल्या काही काड्या गंधकाच्या धुरीने पांढऱ्या केलेल्या असतात. उघडताच नाकाला झोंबणारा वास आला तर त्या वापरू नका. पिशवीत स्वतःची जोडी ठेवणं सर्वांत सोपं.

पायरी ४: बोटं बसवा

ही कृती वाचत वाचत करा, घाई करू नका.

पहिली काडी, म्हणजे खालची. ती हलत नाही, हे आधी मनाशी ठरवा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचकीत तिचा वरचा भाग टेकवा आणि खालचा भाग अनामिकेच्या पहिल्या पेरापाशी, नखाच्या बाजूला. करंगळी अनामिकेला आधार देते. अंगठ्याच्या मुळाने काडी किंचित दाबा. आता हात हलवून पाहा. काडी जागची हलली तर अंगठ्याचं मूळ ढिलं आहे.

दुसरी काडी वरची. ती पेन धरतो तशी धरायची: अंगठ्याचं टोक, तर्जनी आणि मधलं बोट यांच्यामध्ये. तर्जनी आणि मधलं बोट वाकवलं की काडी खाली येते, सरळ केलं की वर जाते. अंगठा फक्त टेकू देतो. नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते: तो दोन्ही काड्या कात्रीसारख्या हलवतो, त्या एकमेकींना छेदतात आणि घास मधूनच सुटतो. खालची स्थिर, वरची चल. चिनी लोक यात यिन आणि यांग, म्हणजे एकमेकांना पूरक अशी दोन तत्त्वं, पाहतात. मला त्यात आपलं जातं दिसतं, तळी आपल्या जागी आणि वरची तेवढी फिरती.

दोन्ही टोकं सारखी करा. यासाठी काड्या टेबलावर ठकठक आपटू नका; ताटलीच्या कडेवर किंवा दुसऱ्या हाताच्या तळव्यावर हलकेच टेकवा. धरायची जागा वरून साधारण एक तृतीयांशावर. फार खाली धरलं तर जोर मिळतो पण टोक मधल्या ताटलीत पोचत नाही. फार वर धरलं तर टोकाचा थरकाप होतो. चीनमध्ये जुन्या बायका मुलींना सांगत, काड्या जितक्या वर धरशील तितकं सासर लांब मिळेल.

डावखुऱ्यांसाठी एक गोष्ट. गोल टेबलावर दाटीने बसल्यावर डावखुऱ्याचं कोपर शेजाऱ्याच्या कोपराला लागतं, म्हणून पूर्वी मुलांना जबरदस्तीने उजव्या हाताने खायला लावत. आज तसं कुणी करत नाही. तुम्ही डावखुरे असाल तर शक्य असल्यास अशी जागा घ्या की डाव्या बाजूला मोकळीक मिळेल.

सराव घरच्याच पदार्थांवर करा, पण क्रम पाळा. पहिल्या दिवशी ढोकळा किंवा पनीरचे चौकोनी तुकडे: मऊ, खरखरीत, पकडायला सोपे. मग उकडलेला बटाटा, त्यात जोर कमी लावायला शिकता येतं, नाहीतर त्याचा भुगा होतो. मग शेवया किंवा नूडल्स, त्यात उचलून गुंडाळण्याची सवय लागते. मग फुटाणे. शेंगदाणा त्यानंतर, आणि कच्चा शेंगदाणा भाजलेल्याच्या आधी, कारण भाजलेल्याची सालं निघाली की तो निसटतो. रोज दहा मिनिटं, हात दुखायला लागला की थांबा.  मनगट दुखत असेल तर तुम्ही फार ताकद लावता आहात.

पायरी ५: भात आणि वाटी

काड्यांनी भात खाता येत नाही अशी तक्रार आपल्याकडे हमखास ऐकू येते. ती बासमतीच्या किंवा कोलमच्या बाबतीत बरोबर आहे. चीनच्या बऱ्याच भागात आखूड, चिकट दाण्याचा भात असतो. घरी सराव करायचा तर मावळचा इंद्रायणी तांदूळ घ्या, किंचित जास्त पाण्यात शिजवा आणि वाटीत वाढा. तो गोळ्याने उचलला जातो. आंबेमोहरही चालतो.

वाटी टेबलावर ठेवून वाकून खाणं चिनी रीतीत बसत नाही. वाटी डाव्या हातात उचला: अंगठा कडेवर, बाकीची बोटं बुडाखाली. ती तोंडाजवळ आणा आणि शेवटचे दाणे काड्यांनी तोंडात ओढा. आपल्याला हे घाईचं वाटेल, पण तिथे ते अगदी योग्य मानतात. कोरियात मात्र वाटी उचलणं चांगलं दिसत नाही, म्हणून दोन देशांची सरमिसळ करू नका.

आणि एक गोष्ट मनातून काढून टाका: चिनी लोक कायमचे काड्यांनीच जेवत आले आणि हाताने खाणं त्यांना मागास वाटतं. 'ली जी' या प्राचीन आचारग्रंथात रस्सा कसा खावा ते दिलं आहे: रश्श्यात भाजी असेल तर काड्या वापराव्यात, नसेल तर नकोत. ज्वारी-वरीसारख्या भरडधान्याचा भात काड्यांनी खाऊ नये, असंही त्यात आहे. आणि सगळे एकाच भांड्यातून भात घेत असतील तेव्हा हात चोळू नयेत, भाताचे गोळे वळू नयेत. म्हणजे तो भात हाताने खाल्ला जात होता, आणि सोबतच्यांना किळस येऊ नये ही काळजी होती. दोन हजार वर्षांपूर्वीची ही पंगत आपल्याला अगदी ओळखीची वाटते. पुढे चमचा आणि काड्या दोन्ही चालत. गव्हाच्या पिठाच्या नूडल्स, मोमोसारखे पदार्थ आणि चिकट भात पसरत गेले तसतसा चमचा रश्श्यापुरता उरला.

टेबलावर सुरी का नसते? कापण्याचं काम स्वयंपाकघरात संपवायचं हा त्यांचा शिरस्ता. बारीक चिरलेलं अन्न मोठ्या आचेवर झटकन शिजतं, सरपण वाचतं, आणि टेबलावर हत्यार येत नाही. याबद्दल एक गोष्ट फिरते: प्राचीन चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियस शाकाहारी होता, म्हणून त्याने सुऱ्या बंद केल्या. ती खरी नाही. त्याच्या वचनांत मांस बारीक चिरलेलं असावं ही आवड दिसते, आणि एक संगीत ऐकून तीन महिने त्याला मांसाची चव कळली नाही, असंही लिहिलेलं आहे.

पायरी ६: टेबलावर वागायचं कसं

दाराकडे तोंड असलेली आतली जागा मुख्य पाहुण्याची किंवा सर्वांत वडीलधाऱ्यांची. यजमान सांगतील तिथेच बसा. काड्या उजवीकडे, छोट्या टेकूवर असतात. वडीलधाऱ्यांनी किंवा यजमानांनी काड्या उचलल्याशिवाय आपण उचलायच्या नाहीत.

टेबलावर फिरती चकती असेल तर ती हळू फिरवा, आणि कुणी घास घेत असताना मुळीच नाही. या चकतीमागे वू ल्येन-तेह यांचं नाव घ्यायलाच हवं. पेनांगमध्ये जन्मलेल्या या डॉक्टरांनी १९१०-११ मध्ये मांचुरियातली प्लेगची साथ आटोक्यात आणली. सगळ्यांच्या तोंडातल्या काड्या एकाच ताटलीत जातात यातून रोग पसरेल, हे त्यांना टोचत होतं. म्हणून त्यांनी फिरतं ताट आणि प्रत्येक पदार्थाला वाढायचं वेगळं साधन सुचवलं. याच विचाराच्या 'गोंगक्वाय', म्हणजे सामायिक काड्या, २००३ च्या सार्सनंतर आणि २०२० च्या साथीत सरकारने पुन्हा आग्रहाने पुढे आणल्या. ताटलीजवळ वेगळ्या रंगाची जोडी दिसली तर ती वाढायची. तिने आपल्या वाटीत घ्या, परत ठेवा, मग आपल्या काड्यांनी खा. आपल्याकडच्या उष्ट्या-खरकट्याच्या सवयीमुळे मराठी पाहुण्याला हे सहज जमतं, उलट सामायिक काड्या नसतील तेव्हाच तो अवघडतो. अशा वेळी खंत करू नका. घरगुती जेवणात एकाच ताटलीतून घेणं हाच जवळिकीचा भाग आहे.

पदार्थ आपल्या बाजूच्या कडेचा घ्यायचा, मधला किंवा पलीकडचा नाही. ज्याला काडी लागली तो तुकडा घ्या. चाचपून परत ठेवू नका. मशरूम शोधण्याची माझी चूक यातली होती. त्याला चिनीत थडगं उकरणं म्हणतात, आणि आजींनी ते शब्द तोंडाबाहेर येऊ दिले नाहीत.

वडीलधारे तुमच्या वाटीत काही ठेवतील. नको असलं तरी तो घास खाऊन टाका किंवा निदान वाटीत राहू द्या. उचलून दुसऱ्याला देऊ नका. शाकाहारी असाल तर आधीच, टेबलावर बसण्यापूर्वी सांगा, म्हणजे ही वेळ येणार नाही.

अख्खा मासा आला तर एक गोष्ट लक्षात ठेवा, विशेषतः मासे खाणाऱ्या कोकणी मंडळींनी. वरची बाजू संपली की मासा उलटा करायचा नाही. किनारपट्टीवरच्या लोकांना त्यात उलटलेली होडी दिसते. मधला काटा उचलून बाजूला ठेवा आणि खालची बाजू तशीच खा. काड्यांचं नाव बदलणारे नावाडी इथेही टेबलावर बसलेले आहेत.

पायरी ७: काय करायचं नाही, आणि का

सर्वांत मोठी चूक म्हणजे भातात काड्या उभ्या खोचणं. चीनमध्ये मृताच्या पुढे भाताची वाटी ठेवतात आणि त्यात काड्या उभ्या खोचतात. देवघरातल्या राखेत खोचलेल्या उदबत्त्यांसारख्याच त्या दिसतात. जिवंत माणसाच्या वाटीत त्या उभ्या दिसल्या की टेबलावरच्या वृद्धांच्या मनात काय येत असेल, हे आपल्याला पटकन कळेल. आपण ताटात तीन पोळ्या वाढत नाही, दहाव्याचं पान घरच्या पानासारखं मांडत नाही. नियम सांगावा लागत नाही, अंगात असतो. तुमच्याकडून चुकून झालं तर काड्या शांतपणे काढून टेकूवर आडव्या ठेवा. कुणी रागावणार नाही.

वाटीवर काड्यांनी टकटक करू नका. भिकारी तसं करत. काड्या लहान-मोठ्या ठेवू नका. 'तीन लांब, दोन आखूड' हा चिनी वाक्प्रचार मरणाची सूचना देतो, शवपेटीच्या फळ्यांवरून. बोलताना काड्यांनी कुणाकडे बोट दाखवल्यासारखं करू नका. काडीने टोचून घास उचलू नका, टोक चोखू नका, रस्सा टपकवत टेबलावरून हात नेऊ नका, काड्या एकमेकींवर आडव्या ठेवू नका. यातलं काहीही पाठ करण्यासारखं नाही. शेजारच्या माणसाने हे केलं तर मला काय वाटेल, इतकं विचारलं की पुरे.

काड्यांच्या टोकांनी एकमेकांना घास देण्याची मनाई मात्र मुख्यतः जपानची. तिथे दहनानंतर अस्थी अशाच काड्यांनी उचलून देतात. चीनमध्येही ते टाळलेलं बरं.

याउलट, जेवता जेवता काड्यांनी राज्य वाचवल्याचीही नोंद आहे. इसवी सनापूर्वी २०४ मध्ये हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग जेवत होता. जुन्या राजांच्या वंशजांना पुन्हा गादीवर बसवण्याचा सल्ला त्याला कुणी दिला होता. सल्लागार झांग ल्यांग तेवढ्यात आला. तो म्हणाला, महाराज, तुमच्या काड्या मला द्या. मग एकेक काडी मांडत त्याने या योजनेतले आठ दोष मोजून दाखवले. ल्यू बांगने तोंडातला घास थुंकला आणि योजना रद्द केली. 'काड्या उसन्या घेणं' हा चिनी वाक्प्रचार म्हणजे दुसऱ्यासाठी युक्ती आखणं, तो इथला.

बोलायला विषय हवा असेल तर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घ्या. १९३८ मध्ये ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. चिनी नाव 'ख दीहुआ'. हेबेई प्रांतातल्या वृद्धांच्या टेबलावर हे नाव निघालं की जेवणाचा सूर बदलतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आणि अवेळी कुणी आलं तर यजमान म्हणतात, 'काड्यांची आणखी एक जोडी ठेव.' आपण म्हणतो, 'एक पान वाढव.'

पायरी ८: जेवण संपवणं

पोट भरलं तरी लगेच उठू नका. काड्या टेकूवर किंवा टेकू नसेल तर ताटलीच्या कडेवर, एकमेकींना समांतर, टोकं कुणाच्या रोखाने येणार नाहीत अशा ठेवा. पूर्वी जेवण झालं की काड्या वाटीवर आडव्या ठेवण्याची लोकरीत होती: माझं झालं, तुम्ही चालू ठेवा, असा त्याचा अर्थ. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटासमोर तांग सू नावाच्या विद्वानाने आदराने तसं केलं, अशी एक कथा आहे. सम्राटाने विचारलं, ही कुठली रीत? तो म्हणाला, लहानपणी शिकलेली लोकरीत. सामान्यांची रीत माझ्यासमोर, म्हणून सम्राट संतापला आणि त्याला हद्दपार केलं. आज अनेक घरांत काड्या वाटीवर आडव्या ठेवत नाहीत. तुमच्या यजमानांच्या काड्या कुठे आहेत ते पाहा आणि तशाच ठेवा.

ज्यांचं जेवण अजून चाललं आहे त्यांच्याकडे वळून म्हणा, 'मानमान छ्'. शब्दशः अर्थ, हळूहळू जेवा. म्हणजे आपलं 'सावकाश होऊ द्या'.